ओटीपीचा ताळा

(आपल्या १९७९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू बँकेत होतीस, तर काहीतरी उपयोगाचं बोल. आठवणी सांगायला बाकीचे आहेतच." हे खरंच आहे. मघापासून दोन तास आठवणीच चालल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी पीटीच्या तासाला खाल्लेल्या माराच्या आहेत. मी मात्र आज जरा वेगळं सांगणार आहे. सुरुवात गणिताच्या सरांपासून करते, कारण सर पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मला अजूनही त्यांची भीती वाटते.

सर उदाहरण तपासताना आधी उत्तर बघत नसत. आधी ताळा केलाय का ते बघत. भागाकार केला असेल तर भागाकार गुणिले भाजक अधिक बाकी, हे शेजारी मांडलेलं दिसलं पाहिजे. उत्तर बरोबर असलं तरी ताळा नसला की अर्धा मार्क जायचा. मी एकदा धीर करून विचारलं होतं, "सर, उत्तर बरोबर आहे ना, मग अर्धा मार्क का?" सर म्हणाले होते, "बरोबर आहे हे मला माहीत आहे. तुला कुठे माहीत होतं?"

पुढे बँकेत ३४ वर्षं नोकरी केली, तेव्हा हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. आज आपण ज्याला ओटीपी म्हणतो, तो हा ताळाच आहे. पासवर्ड म्हणजे तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. ती दुसऱ्या कुणाला कळू शकते. म्हणून बँक दुसरा पुरावा मागते, तुमच्या हातात असलेल्या वस्तूचा. ती वस्तू म्हणजे फोन, खरं तर फोनमधलं सिम. दोन्ही जुळलं तर व्यवहार पुढे सरकतो. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना ही जादा पडताळणी सक्तीची केली. त्या दिवसांत काउंटरवर लोक माझ्याशी भांडायचे, "मॅडम, आमचेच पैसे आणि आम्हालाच दोनदा विचारता?" मी त्यांना सरांच्या ताळ्याची गोष्ट सांगायचे.

अशी मी. लोकांना शहाणपण शिकवणारी. आता माझी फजिती ऐका.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं मुलाकडे म्युनिकला गेलो. तीन महिन्यांसाठी. मुलाने विमानतळावरून घरी नेलं, सूनबाईंनी गरम गरम वरणभात वाढला, आणि जेवण झाल्यावर मुलाने आमचे फोन हातात घेतले. "आई, इथलं सिम घालून देतो, म्हणजे बाहेर फिरताना अडचण नको." आमची भारतातली दोन्ही सिमं त्याने बाहेर काढली. मी ती एका कागदावर सेलोटेपने चिकटवली, खाली नावं लिहिली आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. बँकेतली सवय. प्रत्येक गोष्टीला लेबल. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

महिना छान गेला. व्हॉट्सॲप चालू होतं, कारण ते वायफायवर चालतं. आपल्या बॅचच्या ग्रुपवर रोजचे सुप्रभात येत होते. त्यामुळे भारतातला नंबर चालू आहे असंच मला वाटत होतं. इथेच मी फसले. व्हॉट्सॲपला एकदा नंबर जोडला की सिम पाकिटात असलं तरी ते तेव्हा चालत राहायचं. ओटीपीला मात्र सिम फोनमध्ये आणि नेटवर्कवर असावं लागतं.

जूनमध्ये एका रात्री दोन वाजता व्हॉट्सॲपवर धाकट्या भावाचा फोन आला. तिकडे भारतात पहाटेचे साडेपाच. आई न्हाणीकडे जाताना अंधारात पडली होती. तेव्हा तिचं वय ८४. खुब्याचं हाड मोडलं होतं. भाऊ तिला गाडीत घालून साताऱ्याला घेऊन निघाला होता. तासाभराने पुन्हा फोन. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर झालेलं बरं, आधी पाऊण लाख भरा, बाकीचे नंतर. भावाकडे घरात होते ते २५ हजार तो घेऊन आला होता. त्याची कमाई शेतीची, आणि तो हंगामही पेरणीचा. आईचे पैसे होते, पण ते कुठे होते? माझ्या आणि आईच्या जोडखात्यात. कारण मी बँकवाली, म्हणून आईचे सगळे व्यवहार माझ्याकडे. भावाचं नाव त्या खात्यावर नव्हतंच.

मी म्हटलं, "काळजी करू नकोस, आत्ता दोन मिनिटांत पाठवते." लॅपटॉप उघडला. नेटबँकिंगचा पासवर्ड पाठ होता. भावाचं खातं आधीच जोडलेलं होतं. रक्कम घातली, बटण दाबलं. पडद्यावर आलं की तुमच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे.

मग पाकीट शोधलं. सेलोटेप सोडवली. सिम घातलं. नेटवर्क नाही. परदेशातलं रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्यायचं असतं, ते आम्ही केलंच नव्हतं. मुलगा उठला, त्याने मोबाइल कंपनीचं ॲप उघडलं. ॲप म्हणालं, आत येण्यासाठी तुमच्या मोबाइलवर पाठवलेला ओटीपी टाका. म्हणजे किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! ग्राहकसेवेचा १८०० चा नंबर लावला, तो जर्मनीतून लागेना. यूपीआयचं करून पाहिलं, तर तेही त्याच सिमवर अडलेलं, कारण यूपीआय तुमचा फोन आणि सिम यांची गाठ मारून ठेवतं. ह्यांचं खातं वेगळ्या बँकेत, पण सिम त्याच कागदावर शेजारी चिकटवलेलं. मुलाचं भारतातलं खातं होतं, पण त्याचा जुना नंबर वापराविना बंद होऊन कधीच दुसऱ्या कुणाला मिळाला होता. त्याचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या फोनवर जात असणार. जर्मनीतून परकीय चलन पाठवलं असतं तर ते पोचायला दिवस-दोन दिवस लागले असते.

एका खोलीत आम्ही चार शिकलेली माणसं. पैसे आहेत, पासवर्ड आहे, इंटरनेट आहे. आणि तिकडे आई स्ट्रेचरवर.

यात दोष बँकेचा नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. बँक नेमकं तेच करत होती जे मी ३४ वर्षं लोकांना सांगितलं. दुसरा पुरावा नाही, तर पैसे नाहीत. पुरावा मीच सेलोटेपने चिकटवून ठेवला होता.

भारतात तोवर पावणेआठ वाजले होते. मी आपल्या ग्रुपवर लिहिलं, "साताऱ्यात कोण आहे? आई दवाखान्यात आहे, पैशांची अडचण आहे." तीन मिनिटांत एकाचा फोन आला. नाव घेऊ नकोस असं त्याने मला बजावलं आहे, म्हणून घेत नाही, पण तो या सभागृहातच आहे आणि आत्ता खाली मान घालून बसला असेल. दहावीत आम्ही एकमेकांशी चार वाक्यंसुद्धा बोललो नव्हतो. त्याने एवढंच विचारलं, "कुठल्या दवाखान्यात? भावाचा नंबर दे." साडेआठ वाजता तो तिथे होता. पैसे भरले, भावाला चहा पाजला आणि ऑपरेशन होईपर्यंत तिथेच थांबला.

दुपारी भाच्याला सुचलं. त्याने स्वतःच्या फोनवरून माझ्या नंबरवर परदेशी रोमिंगचं पॅक मारलं. मी फोन बंद करून चालू केला. नेटवर्क आलं आणि पाठोपाठ टिंग टिंग करत सकाळचे चार ओटीपी एकदम आले. चारही मुदत संपलेले. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

आई बरी आहे. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. तिला ही गोष्ट सांगितली तर ती म्हणते, "पैसे फोनात असतात म्हणता, मग फोन हातात असून पैसे का नाहीत?" याचं सोपं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मंडळी, हे सगळं सांगायचं कारण असं की आपल्यापैकी कितीजणांची मुलं बाहेर आहेत, ते मघाशी हात वर केल्यावर दिसलंच. दरवर्षी कुणी ना कुणी अमेरिकेला, दुबईला, ऑस्ट्रेलियाला जातं. लोणचं, मेतकूट, औषधं यांची यादी आपण महिनाभर आधी करतो. ओटीपीची यादी कुणी करत नाही. ती आता मी सांगते.

पहिली गोष्ट, एका वहीत लिहून काढा की कुठल्या कामाचा ओटीपी कुठे येतो. बँक, पेन्शन, आयकर, आधार, ईमेल. पासवर्ड लिहू नका, फक्त कुठला नंबर जोडला आहे ते लिहा. अनेकांना लिहिताना कळतं की एखाद्या खात्याला दहा वर्षांपूर्वीचाच नंबर आहे. तो इथे असतानाच बदलून घ्या. परदेशातून ते फार जड जातं.

दुसरी गोष्ट, निघण्याआधी आठवडाभर रोमिंग चालू करून घ्या. येणाऱ्या एसएमएसला रोमिंगमध्ये बहुतेक ठिकाणी पैसे पडत नाहीत, पण आपल्या कंपनीला विचारून खात्री करा. फोनमधलं डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल येईल. डेटा बंद असला तरी एसएमएस येतो. तिकडे उतरल्यावर पहिल्याच दिवशी, जेटलॅग असला तरी, बँकेत लॉगिन करून एक ओटीपी मागवून बघा. हा तुमचा ताळा. गरज पडायच्या आधी करायचा.

तिसरी गोष्ट, भारतातलं सिम फोनमधून काढू नका. आजकाल बऱ्याच फोनांत दोन नंबर चालतात. तिकडचा नंबर ईसिमवर घ्या, म्हणजे काही काढघाल करावी लागत नाही. यात एक मेख आहे. मुलं हौसेने आयफोन देतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला २०२२ च्या १४ नंबरच्या मॉडेलपासून सिम घालायची खाचच नाही. आपलं भारतातलं सिम त्यात बसणार नाही. त्याचं ईसिम करून घ्यावं लागतं आणि ते आपल्या सिमवरून एसएमएस करून होतं, म्हणून इथेच उरका. आणखी एक, सिम बदललं की फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात. म्हणजे विमानाच्या आदल्या रात्री हा उद्योग करायचा नाही.

चौथी गोष्ट, नंबर जिवंत ठेवा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात किमान २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदत वाढते. बंद पडलेला नंबर पुढच्या ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. आपण सहा महिने मुलाकडे राहतो, तेव्हा हे गणित डोक्यात असू द्या. परत आल्यावर आपल्याच नंबरवर कुणी परका "हॅलो" म्हणाला तर आपली बँकही त्याच्याकडेच गेली समजा.

पाचवी गोष्ट ईमेलची. ईमेलला एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप लावता येतं. ते दर ३० सेकंदांनी सहा आकड्यांचा नवा कोड दाखवतं आणि त्याला सिम लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. विमानातसुद्धा चालतं. ॲप लावताना जो चौकोनी क्यूआर कोड आपण स्कॅन करतो, त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि आत्ताची वेळ यांचा हिशेब करून फोन कोड काढतो. तोच हिशेब तिकडे त्यांचा संगणकही करतो. दोघांचं उत्तर जुळलं की दार उघडतं. सर, हा तर अगदी तुमच्या पद्धतीचा ताळा.

यावरही माझी एक फजिती आहे. जर्मनीत उतरल्यावर मी फोनचं घड्याळ हाताने साडेतीन तास मागे केलं, भिंतीवरचं घड्याळ करतात तसं. झालं, ईमेलचा एकही कोड चालेना. मला वाटलं देश बदलला म्हणून कोड बिघडले. मुलगा म्हणाला, "आई, कोडला देश कळत नाही. तो जगभर एकाच घड्याळाने मोजतो, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. तू फोनला भारतातच ठेवलंस आणि घड्याळ मागे केलंस, म्हणून फोन साडेतीन तासांपूर्वीचा कोड काढतोय." वेळ आणि टाइम झोन दोन्ही आपोआप घेण्यावर ठेवलं आणि कोड चालू झाले. तेव्हा फोनच्या घड्याळाला हात लावायचा नाही.

सहावी गोष्ट, फोनच हरवला तर? याची सोय बहुतेकजण करत नाहीत. गूगल आपल्याला आठ-आठ आकड्यांचे दहा राखीव कोड देतं, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहा. एक प्रत घरी कपाटात, एक प्रवासात, पण फोनच्या पाकिटात नको. पर्स गेली तर फोन आणि कोड दोन्ही जातील. फोन बदलताना जुना फोन विकण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर हलवून घ्या.

सातवी गोष्ट मी जरा कडक आवाजात सांगणार आहे. आपल्याकडे सोपा मार्ग म्हणून सिम भावाकडे, पुतण्याकडे ठेवून जातात. "ओटीपी आला की व्हॉट्सॲपवर कळव." मला मोह समजतो. पण मग दोन पुरावे कुठे राहिले? शिवाय घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आपणच सवय लावतो की फोनवर मागितला की ओटीपी सांगायचा. उद्या दुसरा कुणी मुलाचा आवाज काढून मागेल आणि ते सांगतील. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, यात "कुणालाही" म्हणजे आपलं माणूससुद्धा आलं.

जे कायमचे बाहेर राहतात त्यांच्यासाठी एक सांगते. एनआरई आणि एनआरओ खात्यांना परदेशी नंबर जोडून यूपीआय वापरायला जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांसाठी परवानगी मिळाली. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएई, सौदी हे आहेत. जर्मनी त्या दहांत नव्हता. आपल्या बँकेत विचारा. शिवाय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नवे निर्देश काढले आहेत. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत आणि त्यानुसार दुसरा पुरावा एसएमएसचाच हवा असं नाही, बँका ॲप किंवा बोटाचा ठसा असे इतर मार्गही देऊ शकतात. माझ्या मुलाची जर्मन बँक त्याच्या फोनमधल्या ॲपवरच "हो की नाही" विचारते. तुमची बँक काय देते, ते जाण्याआधी विचारून घ्या. आणि बँकेचा १८०० सोडून दुसरा, +९१ ने सुरू होणारा नंबर वहीत लिहून ठेवा.

आता शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. मी परत आल्यावर पहिलं काम कुठलं केलं असेल तर आईच्या खात्यावर भावाचं नाव घातलं. तिघांपैकी कुणीही एकजण पैसे काढू शकेल असं. त्याच्या हातात चेकबुक दिलं. इतकी वर्षं मी ते केलं नव्हतं. का? सोय म्हणून, असं मी म्हणत आले. त्या रात्री म्युनिकमध्ये मला कबूल करावं लागलं की सोयीपेक्षा मला ते माझ्या हातात ठेवायला आवडत होतं. शिकलेली मी, बँकवाली मी. आईजवळ राहून तिची उस्तवार करणारा तो, आणि तिच्या पैशांची किल्ली साडेसहा हजार किलोमीटरवर माझ्या पाकिटात. भाऊ त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलला नाही. त्याची माफी मी मागितली आहे, आज तुमच्यासमोर पुन्हा मागते. तो मागे उभा आहे, आईला घरी एकटं सोडता येत नाही म्हणून जेवायच्या आधीच निघणार आहे.

तुमच्यापैकी जे घरातले हिशेब सांभाळतात त्यांना एवढंच सांगणं आहे की तुम्ही गैरहजर असताना घर चालेल का, हे एकदा तपासून बघा. विमानात बसायच्या आधी.

त्या मित्राचे पैसे मी चौथ्या दिवशी परत केले. ओटीपी आला आणि पैसे गेले. त्याचं उत्तर आलं, "मिळाले. काकू कशा आहेत?" बस्स.

जेवणानंतर मी जुन्या ग्रंथालयाच्या दाराशी टेबल घेऊन बसणार आहे. ज्यांना पुढच्या काही महिन्यांत बाहेर जायचं आहे त्यांनी फोन आणि चष्मा घेऊन यावं. एकेकाचं बघून देईन. ओटीपी मात्र मला सांगायचा नाही, तुमचा तुम्हीच टाकायचा. आणि ताळा केल्याशिवाय कुणालाही उठू देणार नाही. सर, अर्धा मार्क कापायचा अधिकार आज माझ्याकडे द्या.